पिनांची आंघोळ

रॅक कोसळला तेव्हा मी त्याच्या खाली होते. हातात झाडू, अंगावर साबणाची खोकी, पायावर लोखंडी बीम. धूळ बसली तसा शेजारचा रॅक कटकट वाजू लागला, कुणी बोटं मोडावीत तसा. माणसं बाहेर पळाली होती.

सणसवाडीच्या त्या गोदामात रॅक जोडायचं काम बिरूआप्पांकडे. मूळचे न्हावऱ्याकडचे मेंढके. मुलाने मेंढरं विकली, तेव्हापासून इथे खोली घेऊन एकटेच राहतात. रॅकना त्यांनी मेंढ्यांची नावं दिली होती. एक काळी, एक बांडी. सकाळी आले की खांबाला कान लावायचे.

"ऐका बाई, बांडी धापा टाकतीया."

"आप्पा, लोखंड हाय ते."

"मग लावा की कान!"

एकदा लावला. आत काहीतरी हळूहळू श्वास घेत होतं. पुन्हा मी त्या वाटेला गेले नाही. रॅकची एवढी विचारपूस करणाऱ्या या माणसाने मला कधी 'जेवला का' म्हणून विचारलं नव्हतं.

खंडेनवमीला सगळे हत्यारं धुतात. आप्पांनी पिना धुतल्या. रॅकच्या आडव्या बीमचे हूक उभ्या खांबाच्या खाचांत अडकवतात, आणि खालून धक्का लागला तरी ते निसटू नयेत म्हणून टोकाला पीन घालतात. दोन्ही रॅकच्या पिना काढून आप्पांनी चिंचेने घासल्या, हळदकुंकू लावून ताटात मांडल्या.

"सणाला त्यास्नी आंघोळ नगं व्हय?"

पूजा होईपर्यंत मालाला कोणी हात लावणार नाही, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. फोर्कलिफ्टवाल्या राजेशला ते कोणी सांगितलंच नाही. त्याच्या गाडीचा काटा बीमला खालून लागला, हूक उचकटले आणि काळी बसली. राजेश गाडीच्या पिंजऱ्यात अडकला, मी खोक्यांखाली.

वर बघितलं तर बांडीचा बीमही खाचेतून अर्धा बाहेर. तेवढ्यात आप्पा ताट घेऊन आत शिरले.

"मागं फिरा आप्पा! मरायचंय का?"

"गप ऱ्हावा."

त्यांनी हातोडीने हूक खाली बसवला, कुंकवाने माखलेली पीन आत सारली. मग पुढचा हूक. घाईत निम्म्या पिना माझ्या अंगावर सांडल्या. शेवटी खांबाला गाल लावून ते पुटपुटले, "बांडे, हलू नगंस. खाली माझं माणूस हाय."

कटकट थांबली.

मग बाकीचे आले, बीम उचलला. माझा पाय मोडला होता, राजेशचा खांदा. मी वाचले. राजेश वाचला. आप्पाही वाचले.