ध्रुवीय समुद्राची न फोडलेली पानं

शेजारच्या ग्रॅहॅम मॅकलीन यांच्या बेसमेंटमधला पाइप फुटला आणि त्यामुळे ते पुस्तक जनार्दनरावांच्या हाती लागलं.

ग्रॅहॅम ऐंशीच्या घरातले, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. दुरुस्तीला तीन आठवडे लागणार होते, म्हणून ते हॅलिफॅक्सला मुलीकडे निघाले. निघताना बर्फातून जपून पावलं टाकत शुभदाच्या दारात आले आणि मऊ फडक्यात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक त्यांनी तिच्या हातात ठेवलं. रशियाच्या एका नौदल अधिकाऱ्याने कुत्र्यांच्या गाड्या घेऊन गोठलेल्या ध्रुवीय समुद्रावर केलेल्या सफरींची ती हकिकत होती. इंग्रजी भाषांतर, पावणेदोनशे वर्षांपूर्वी छापलेलं.

"माझ्याकडे भिंती फोडणार आहेत. हे तेवढं कोरड्या जागी ठेव," ते म्हणाले. "बाकी घरातलं काहीही भिजलं तरी चालेल."

शुभदाने पुस्तक सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं, बेसमेंटमध्ये जाऊन ऑफिसची मीटिंग जॉइन केली आणि ते विसरून गेली.

वर तिचे सासरे एकटेच होते. जनार्दनराव चौतीस वर्षं वर्ध्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. कॅनडात, मार्कहॅमला येऊन त्यांना दोन महिने झाले होते. बाहेर उणे अठरा. मुलगा परीक्षित कामासाठी ऑटवाला गेलेला, नात जाई शाळेत. सोबत आणलेली पुस्तकं संपली होती, आणि दारात पडणारी ग्रोसरीची जाहिरातपत्रकंसुद्धा त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढली होती.

त्यांनी हात साबणाने धुतले, कोरडे केले, स्टूल घेतलं आणि पुस्तक खाली काढलं.

पहिली चाळीस पानं त्यांनी दोन दिवसांत वाचली. किनाऱ्यावरचे लोक त्या अधिकाऱ्याला सांगतात, की हवा स्वच्छ असली म्हणजे कड्यावरून उत्तरेला, बर्फाच्या पलीकडे डोंगर दिसतात. ती जमीन शोधायची म्हणून अधिकारी कुत्री जुंपतो, सुके मासे भरतो आणि निघतो. इथवर आल्यावर जनार्दनराव थांबले. पुढची पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली होती. कागदाची घडी कापलेलीच नव्हती. पुढचं पान, त्याच्या पुढचं, थेट शेवटपर्यंत तेच.

त्यांना ग्रॅहॅमसाहेबांची फार दया आली. बिचारा इथेच अडकला असणार. वर्ध्याला अशी कितीतरी पुस्तकं यायची, आणि वाचकाच्या हाती देण्यापूर्वी पानं फोडून ठेवणं हे त्यांचं काम असायचं. त्या कामात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. धारदार सुरी चालत नाही, कागद वाकडा जातो, बोथटच हवी, हे त्यांना पक्कं ठाऊक. स्वयंपाकघरातली लोणी लावायची सुरी अगदी बेताची निघाली. चार पानं फोडायची, वाचायची, पुन्हा चार फोडायची, असं करत पाच दिवसांत त्यांनी पुस्तक संपवलं. एक पान म्हणून फाटलं नाही.

शुक्रवारी जेवताना त्यांनी हे शुभदाला आणि जाईला अभिमानाने सांगितलं.

जाईने फोनवर काहीतरी शोधलं. तिचा घास तोंडातच राहिला. "आजोबा, प्लीज टेल मी यू डिडन्ट."

"काय झालं गं?" शुभदाने विचारलं.

"अनओपन्ड कॉपीज आर सुपर रेअर, आई. कलेक्टर्स त्यासाठीच ठेवतात. वन्स यू कट इट, इट्स कट."

"म्हणजे पुस्तक वाचायचं नसतं?" जनार्दनरावांनी विचारलं.

"नॉट दॅट वन."

शुभदाने फोन घेऊन स्वतः वाचलं आणि तो टेबलावर पालथा ठेवला. ती सासऱ्यांवर कधी आवाज चढवत नसे. आत्ताही चढवला नाही. "बाबा, ते आले की मी बोलते त्यांच्याशी. तुम्ही आता त्याला हात लावू नका," एवढंच म्हणाली.

जनार्दनरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पुस्तक खराब झालं नव्हतं, आणि आता परमुलखात, सुनेच्या भरवशावर कोणी ठेवलेली वस्तू त्यांनी बिघडवली होती. माणसाने मान खाली घालून बसावं, की काही उपाय करावा? सोमवारी शुभदा मीटिंगला बसल्यावर त्यांनी उपाय करायचं ठरवलं. मैद्याची खळ शिजवली. वाचनालयात बांधणीला तीच वापरत. सुरुवात शेवटच्या पानांपासून केली, कारण नाही जमलं तरी ते साहेबांच्या नजरेला उशिरा पडलं असतं. चार पानांच्या वरच्या कडा त्यांनी बारीक ब्रशने पुन्हा जोडल्या.

जोड उत्तम बसला, पण कागद ओलसर झाला. वाळावा म्हणून पुस्तक त्यांनी जमिनीतून गरम हवा येणाऱ्या व्हेंटजवळ ठेवलं. अर्ध्या तासात शेवटची पानं पापडासारखी वर आली. ती सरळ व्हावीत म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं, दोन पोळपाटांमध्ये ठेवलं आणि वर वीस पौंडांची आट्याची पिशवी चढवली. पिशवी कलू लागली, म्हणून तिच्यावर कुकर ठेवला.

तेवढ्यात बेल वाजली आणि शुभदा मीटिंग सोडून वर आली. दारात ग्रॅहॅम उभे होते. काँट्रॅक्टरने काम वेळेच्या आधी संपवलं होतं. मार्कहॅममध्ये हे घडू शकतं, हे शुभदाला त्या दिवशीच कळलं.

"पुस्तक नेतो," ते म्हणाले.

शुभदाने फळीकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. सासऱ्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्यांच्यामागोमाग दोघंही ओट्याशी गेली. जनार्दनरावांनी कुकर उतरवला, पिशवी उतरवली, वरचा पोळपाट काढला आणि पुस्तक दोन्ही हातांनी ग्रॅहॅमच्या पुढे धरलं. मग त्यांनी ग्रंथपालाच्या स्वच्छ इंग्रजीत, काही न लपवता, लोण्याच्या सुरीपासून मैद्याच्या खळीपर्यंत सगळं सांगितलं.

ग्रॅहॅमनी पानं उलटली. मग खुर्ची ओढून बसले.

"तुम्ही हे पूर्ण वाचलंत?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

"हो."

ग्रॅहॅमनी शुभदाकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मग त्याला ती जमीन सापडते ना?"

जनार्दनराव गोंधळले. "नाही. चार वर्षं जातो. दरवेळी पुढे उघडं पाणी लागतं. शेवटी परत फिरतो. जमीन दिसतच नाही."

ग्रॅहॅमचा चेहरा उतरला. शुभदाने न विचारताच चहा ठेवला.

"कम्युनिटी सेंटरमध्ये दर फेब्रुवारीत माझं यावर व्याख्यान असतं," ते सावकाश म्हणाले. "अकरा वर्षं झाली. माझ्या व्याख्यानात तो त्या जमिनीवर उतरतो. तिथे झेंडा रोवतो. मी नकाशा काढलाय. मोठा, रंगीत. तिथल्या भिंतीवर लावलाय."

"पण तुम्ही वाचलंच नव्हतं ना?"

"चाळीस पानं वाचली. तो इतक्या खात्रीने निघतो, की मला वाटलं, सापडलीच असणार." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पानं फोडायचा धीर झाला नाही. पावणेदोनशे वर्षं कोणी फोडली नव्हती. मी कोण फोडणारा?"

जनार्दनरावांना पुन्हा एकदा त्यांची दया आली. या वेळी ती योग्य जागी पडली होती.

"यंदाचं व्याख्यान कधी आहे?"

"परवा. साठ लोक येतात." ग्रॅहॅमनी पुस्तकाच्या शेवटच्या पानांवरून बोट फिरवलं. "तो परत फिरतो, ते नेमकं कुठे लिहिलंय?"

"इथेच. मी चिकटवली ती चार पानं. आधीच्या सगळ्या पुस्तकात तो नुसता जातच असतो." जनार्दनराव उठून उभे राहिले. "काळजी करू नका. थोडी वाफ दिली की खळ सुटते. मी आत्ता पाच मिनिटांत मोकळी करून देतो."

ग्रॅहॅमनी पुस्तक हलकेच आपल्याकडे ओढलं, मिटलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले.

"राहू द्या," ते म्हणाले. "जोड छान बसलाय."