तीन गोळे आणि बँडमास्तर

बँडमास्तरांनी गाल फुगवले, डोळे गच्च मिटले आणि प्लास्टिकच्या नळीत जीव खाऊन फुंकलं.

"हललं का काही?"

"हलली ना. खाट हलली," बायको म्हणाली.

बायपास होऊन मास्तरांचा घरातला हा पाचवा दिवस. छातीचं हाड तारेनं बांधलेलं. हातावर जोर द्यायचा नाही, कुशीवर वळायचं नाही, खोकला आला की उशी छातीशी कवटाळायची. हे सगळं एक वेळ परवडलं, पण हॉस्पिटलवाल्यांनी निघताना जे खेळणं हातात दिलं होतं, त्यानं अख्ख्या घराला वेठीस धरलं होतं. तीन उभी नळकांडी, प्रत्येकात एक रंगीत गोळा, आणि बाजूला तोंडात धरायची नळी. फुफ्फुसाचा व्यायाम. डॉक्टरांनी बजावलं होतं, "शनिवारी तपासायला याल तेव्हा दोन तरी गोळे वर गेले पाहिजेत. छातीत कफ साठला तर परत ॲडमिट. आणि मग ट्रम्पेट विसरा."

ट्रम्पेट विसरा! पस्तीस वर्षं मिरवणुकीच्या पुढं वाजवलेला माणूस. मास्तरांनी वरचा सूर लावला की तिसऱ्या गल्लीतली कुत्री उठून बसायची. त्यामुळं नर्स हे यंत्र कसं वापरायचं ते सांगायला लागली, तेव्हा मास्तरांनी तिला पहिल्याच वाक्याला तोडलं. "बाई, माशाच्या पोराला पोहायला शिकवता होय? द्या इकडं." नर्सलाही अजून नऊ पेशंट बघायचे होते. ती गेली. बायको तेव्हा औषधांच्या रांगेत उभी होती आणि जावई गाडी आणायला गेला होता. तिथंच सगळं नासलं.

आज गुरुवार उजाडला, तरी एकही गोळा जागचा उठला नव्हता.

पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, पंखा बंद करा, त्याच्या वाऱ्यानं माझी फुंक फाटते. पंखा बंद झाला. घरातले सगळे घामानं निथळले, गोळे कोरडे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, नळीच्या सांध्यातून हवा गळते. मग बायकोनं दोरा ओवावा तसा डोळा लावून सांध्याला दोरा गुंडाळला, वर चिकटपट्टी मारली. तिसऱ्या दिवशी त्यांना आठवलं, की वाजवणारा माणूस बसून वाजवत नाही.

"मला उभं करा."

हातावर जोर द्यायचा नाही म्हटल्यावर मास्तरांना उभं करणं म्हणजे कपाट जिन्यावरून उतरवणं. एका बाजूला बायको, एका बाजूला जावई. दर तासाला. उभं करा, फुंका, खोका, उशी आणा, बसवा, गोळी द्या.

"पप्पा, मी जरा त्या पाकिटावरचं वाचून बघू का?" जावयानं एकदा धीर करून विचारलं. तो एका कचेरीत कारकून होता आणि लिहिलेलं दिसलं की वाचायची त्याला खोड होती.

"जावईबापू, तुम्ही आयुष्यात कधी शिट्टी तरी वाजवलीय का?"

"नाही."

"मग पाकीट ठेवा खाली. यंत्रच फुसकं आहे. जा, बदलून आणा."

दुकानदारानं तोंड लावलेली वस्तू परत घेतली नाही. जावयानं दुसरं नवं आणलं. त्याचेही गोळे तळाशी बसून राहिले, जसे काही लग्नात रुसलेले पाहुणे.

तेव्हा मात्र मास्तर भिंतीकडं तोंड करून पडले. जेवण नको, चहा नको.

"संपलं माझं," ते भिंतीला म्हणाले. "हृदय दुरुस्त केलं आणि हवा काढून घेतली."

बायकोला राग आला होता, पण भीतीही वाटत होती. माणूस सकाळपासून खोकला दाबत होता. छातीत घुरघुर ऐकू यायला लागली होती. तिनं आपल्या भावाला फोन लावला. तो मास्तरांच्याच बँडमध्ये दुसरा ट्रम्पेट वाजवायचा.

संध्याकाळी मेहुणा आला, बरोबर क्लॅरिनेटवाला आणि ढोलवाला.

"दाजी, तुम्ही काळजी करू नका," मेहुणा म्हणाला. "तुम्ही बरे होईपर्यंत वरचा सूर मी धरतो."

"तुझ्यानं धरवत असता तर पस्तीस वर्षं मी कशाला मेलो असतो?" मास्तर भिंतीकडून वळले. निदान वळले तरी. "फार हवा आहे ना तुझ्यात? उचल तो गोळा."

मेहुण्यानं शर्टाची बटणं सोडली आणि फुंकलं. मान लाल झाली, शिरा तटतटल्या. गोळे ढिम्म.

"आँ?" मेहुणा म्हणाला.

बायकोनं नळी गरम पाण्यानं धुऊन आणली. क्लॅरिनेटवाल्यानं फुंकलं. गोळे ढिम्म. नळी परत धुतली. मेहुण्यानं दुसऱ्या यंत्रावर नशीब अजमावलं. ढिम्मच. तीन फुंकणारे एकमेकांकडं बघत होते. मेहुण्यानं हळूच आपल्याच छातीवर बोटानं ठोकून बघितलं.

"परवापासून मलाही जिना चढताना धाप लागतेय," क्लॅरिनेटवाला म्हणाला.

"ताई, त्या डॉक्टरांचा नंबर दे बरं," मेहुणा म्हणाला.

"अरे, एकाचं करता करता माझं कंबरडं मोडलंय! आता सगळा बँड निजवता का माझ्या घरात?" ती कडाडली आणि तिसऱ्यांदा नळी धुवायला गेली.

ती परत आली तेव्हा ढोलवाला म्हणाला, "वहिनी, आणा इकडं. मी पण बघतो."

"तू?" मास्तर म्हणाले. "तू जन्मात कधी फुंकलं नाहीस. वर दिवसाला दोन पाकिटं सिगारेट."

ढोलवाल्यानं नळी दोन बोटांत धरली, ओठांत ठेवली आणि डोळे किलकिले करून सवयीनं ओढली.

टक. टक. टक. तिन्ही गोळे नळकांड्यांच्या टोकाला जाऊन चिकटले.

मेहुणा उठून उभाच राहिला. "म्हणजे सिगारेटनं छाती मजबूत होते?"

"मी कधीपासून सांगतोय," ढोलवाला धूर सोडल्यासारखा श्वास सोडत म्हणाला.

बायको मात्र यंत्राकडं बघत नव्हती, ढोलवाल्याच्या गालांकडं बघत होती. ते फुगले नव्हते, आत गेले होते. तिनं नळी त्याच्या हातातून काढून घेतली, पदरानं पुसली आणि सरबत प्यावं तशी ओढली. तिन्ही गोळे वर गेले. गेले ते तिथंच राहिले. मास्तरांनी मनातल्या मनात ताल मोजला. आठ मात्रा झाल्या, सोळा झाल्या, तरी बाई गोळे खाली सोडेना.

"ओढायचं होय?" जावई कोपऱ्यातून म्हणाला. त्यानं पाकीट उचललं. "हो की. पहिल्याच ओळीत लिहिलंय."

मास्तर बायकोकडं बघतच राहिले. "अगं, एवढा दम तुझ्यात आला कुठून?"

"कुठून म्हणजे? बत्तीस वर्षं आतच घेतेय. बाहेर सोडायला तुमच्या घरात कधी जागा होती? वाजवायचं तुम्ही, बोलायचं तुम्ही. पंखा बंद करा, उभं करा, बसवा. त्या नर्सचं एक वाक्य ऐकून घेतलं असतं तर कानाला फोड आले असते का?"

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिनं त्यात नळी घातली.

"ओढा!"

मग ती बोलली. गेल्या पाच दिवसांचं बोलली, नंतर त्यामागच्या वर्षांकडं वळली. बँडवाले चहा न घेताच निसटले. मास्तरांना काही बोलता येईना, कारण ओढणारा माणूस बोलू शकत नाही. पहिला गोळा थरथरला, उठला, पडला. खोकला आला. तिनं न थांबता उशी दिली, दोन दिवसांचा कफ सुटला, आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथून ती पुढं निघाली.

शनिवारी डॉक्टरांसमोर मास्तरांनी दोन गोळे झोकात वर नेले, तिसरा निम्म्यावर.

"वा! छाती मोकळी आहे," डॉक्टर म्हणाले. "तीन महिन्यांनी ट्रम्पेट हातात घ्या. तोवर हे असंच चालू ठेवा, दिवसातून चार वेळा, पंधरा-पंधरा मिनिटं."

"तीन महिने?" मास्तरांच्या तोंडून निघालं. त्यांनी बायकोकडं बघितलं.

"कमीच पडतील," ती म्हणाली, "पण निदान सुरुवात तरी होईल."