दगाजी नानांची चार्जिंगवरची बिडी

दगाजी नाना सिगारेट ओढत नाहीत, चार्ज करतात.

आमच्या शेजारच्या या गृहस्थांनी उभा जन्म बिडी ओढली. खोकला फारच वाढला तेव्हा त्यांच्या मुलानं, प्रवीणनं, कुठून तरी एक इलेक्ट्रॉनिक सिगारेट पैदा केली, नानांच्या हातात ठेवली आणि बिड्यांचं बंडल गटारात टाकून तो सुरतेला आपल्या नोकरीवर निघून गेला. पेनासारखी नळी, आत बॅटरी, बुडाशी दिवा. ओढलं की वाफ येते म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की ती वाफ मी तरी पाहिली नव्हती. जेव्हा पाहावं तेव्हा नळी चार्जिंगला लावलेली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. या वस्तूच्या विक्रीवर आपल्याकडे बंदी आहे, हे कर्तव्य समजून मी त्यांना सांगितलं. नाना शांतपणे म्हणाले, “धूरच निंघस नही ताई, मंग बंदी कसानी?”

रोज सकाळी नाना कापडी पिशवी घेऊन आमच्या ओट्यावर हजर. त्यांच्या घरातला करंट पातळ आहे आणि आमच्या घरातला जाड, असा त्यांचा शोध. वायरमनलाही त्यांनी तो ऐकवला होता आणि वायरमनही मान डोलावून गेला होता. पिशवीत चार्जरच चार्जर: जुन्या मोबाइलचे, कुणाच्या दाढीच्या मशीनचा, एक तर कशाचा होता ते देवालाच ठाऊक. एकेक लावून बघायचे. लाल दिवा लुकलुकून विझला की मुलगी नाकारल्यासारखं तोंड करून म्हणायचे, “यान्हं नि हिन्हं जमत नही.” आणि पुढचं स्थळ बाहेर काढायचे.

एकदा त्यांनी न विचारता आमच्या ह्यांच्या नव्या मोबाइलचा चार्जर लावला. नळी हाताला चटका देईल इतकी तापली. “हिले ताप चढी ग्या,” नाना म्हणाले आणि तिला माठाच्या ओल्या फडक्यावर निजवली. मी ओरडले, “नाना, विजेची वस्तू पाण्यात टाकतात का?” तर म्हणाले, “पानीमा कुठे टाकी ऱ्हायनू? ओला फडकावर ठेवी ऱ्हायनू.”

या खटाटोपात बिडी मात्र सुटली. हात सतत चार्जरमध्ये अडकलेले, बिडी पेटवायला मोकळे कधी असणार?

उपाय थकले की सुरतेला व्हिडिओ कॉल लागायचा. बाप-लेकांचं बोलणं मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय, भिंत पातळ आहे. पाणी आलं का, मिरचीला भाव काय, झालं. नानी असताना मधले निरोप ती पोचवायची. ती गेल्यावर या दोघांना एकमेकांशी बोलायला विषयच उरला नाही. नळी आल्यापासून मात्र अर्धा अर्धा तास मसलत चालायची. केबल बदलली का, दिवा कितीदा लुकलुकतो, बटण दाबून धरलं का. नाना कॉलेजात जाणाऱ्या पोरासारखे मन लावून उत्तरं द्यायचे. मी घरातून टोमणा मारायची, “नाना, एवढ्यात तर विमान दुरुस्त झालं असतं.”

शेवटी माझाच संयम सुटला. ओट्यावरच्या सॉकेटवर नानांनी कायमचा ताबा मिळवला होता आणि माझा मोबाइल बंद पडायला लागला होता. एका दुपारी मी नळी त्यांच्या हातातून काढून घेतली, टॉर्च लावला आणि पिन घालायच्या भोकात डोकावले. आत लालभडक पूड गच्च ठासून भरलेली.

आता नंदुरबारचा माणूस मिरचीच्या हंगामात शिंकतो, यात नवल नाही. नानांची गावाबाहेर मिरची वाळवायची पथारी आहे. तिथं दिवसभर खाट टाकून बसायचं, बाया मिरच्या उलट्या-सुलट्या करतात ते बघायचं, आणि नळी शर्टाच्या वरच्या खिशात उलटी, भोक वर करून. विझलेला का असेना, दिवा बायांना दिसला पाहिजे ना. म्हणजे हंगामभर नाना मिरचीला करंट देत होते.

कोरड्या टूथब्रशनं मी सगळं झाडून काढलं. आम्ही दोघंही पोट दुखेपर्यंत शिंकलो. मग चार्जर लावला. लाल दिवा लागला तो लागलाच, आणि संध्याकाळपर्यंत हिरवा झाला. नानांनी एक झुरका घेतला. वाफ आली. मी कौतुकाची वाट बघत उभी.

नानांनी नळी खाली ठेवली. “आते प्रवीणले काय सांगू?”

“सांगा की दुरुस्त झाली म्हणून.”

“मंग तो फोन ठेवी दी.”

मला फार वाईट वाटलं, आणि थोडा माझ्या टूथब्रशचा रागही आला.

रविवारी माझ्या ओट्यावरच नानांचा फोन वाजला.

“नाना, आज काय बिघडनं?”

“काही नही. ताईनी साफ करी दिधी. मस्त चाली ऱ्हायनी.”

“बरं व्हयनं. मंग ठेवू?”

नाना नळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “थांब. दिवा हिरवा शे, पन जरासा फिका हिरवा शे.”

मी वाकून पाहिलं. दिवा पोपटासारखा हिरवागार होता. विज्ञानाची बाई असून मीही मान डोलावली.

“दाखाडा,” प्रवीण म्हणाला.

नानांनी नळी फोनला इतकी चिकटवली की तिकडं पडद्यावर हिरव्या ठिपक्याशिवाय काही उरलं नसेल. नळी जरा मागे घ्यायला मी हात पुढे केला.

“दिवा ऱ्हाऊ द्या नाना,” प्रवीण म्हणाला. “फोन जरासा लांब धरा. तुम्ही दिसतस नही.”

नानांनी नळी माझ्या हातात दिली, टोपी नीट केली आणि फोन हात लांबेल तितका लांब धरला.