एकोणीस चिठ्ठ्या आणि चिक्की

रविवारी सकाळी आठ वाजता प्रेरणाने फडताळ उघडलं. खालच्या कप्प्यात चिक्कीची चार खोकी होती. पाच असायला हवी होती.

मळवलीत तिचे वडील बजरंग एका बंगल्याची देखभाल करत. सुट्टीला येणारे पाहुणे लोणावळ्यातून चिक्की घेत आणि जाताना खोलीत विसरून जात. ती खोकी घरी येत आणि फडताळात साठून राहत, कारण घरात चिक्की कुणीच खात नसे.

पंधरा दिवसांपूर्वी दहावीच्या वर्गात मानसी मॅडम समुपदेशनासाठी आल्या होत्या. ताण आला की चार अंक मोजत श्वास घ्या, चार अंक रोखा, सहा अंक मोजत सोडा, असं त्यांनी शिकवलं. काळजी वाटेल ती चिठ्ठीवर लिहून एका डबीत बंद करा आणि डबी फक्त रविवारी उघडा, असंही सांगितलं. प्रेरणाने डबी म्हणून चिक्कीचं खोकं निवडलं. कुणी उघडलंच तर संशय नको म्हणून चिठ्ठ्या तळाशी ठेवल्या, वर चिक्कीचं पाकीट ठेवलं आणि चिकटपट्टी लावली. इतकी काळजी घेतल्यामुळेच ते खोकं इतर खोक्यांसारखं दिसू लागलं होतं.

आत एकोणीस चिठ्ठ्या होत्या. चौथी अशी होती : 'सराव परीक्षेत गणितात ऐंशीपैकी एकतीस. घरी एकसष्ट सांगितलेत.' सातवी अशी : 'घारे सर ओरडले की येत असलेलं पण विसरतं.'

"आई, इथलं एक खोकं कुठंय?"

"मुक्ताआत्या आल्याल्या शुक्रवारी. त्यास्नी दिलं," सारिका पोळी उलटत म्हणाली. "रिकाम्या हातानं लावून देऊ व्हय?"

प्रेरणाने चार अंक मोजत श्वास घेतला आणि टाकवे बुद्रुकला आत्याच्या घरी फोन लावला.

"कोन धापा टाकतंय?" आत्याने विचारलं.

"मी प्रेरणा. आत्या, ती चिक्की खाल्ली का?"

"आमच्यात कोन खातंय, बाय? माझ्या दाताचं काय ऱ्हायलंय? कैलासला दिली. त्यो सोमाटण्याला चाललेला."

कैलास हा आत्याचा मुलगा. त्याला फोन लागेपर्यंत प्रेरणाने मानसी मॅडमचा व्यायाम सात वेळा केला. तिला चक्कर येऊ लागली.

"ती व्हय?" कैलास म्हणाला. "तुज्या घारे सरांना दिली की काल. पोरीचा शाळेचा दाखला लगीच काडून दिला त्यांनी. तुजं नावबी सांगितलं. मामाच्या घरची चिक्की हाय म्हनलं."

प्रेरणाने फोन ठेवला आणि चपला घातल्या.

अंगणात बजरंग मोटारसायकल पुसत होता. गणितातली एक शंका सरांच्या घरी जाऊन विचारायची आहे, आत्ताच, असं तिने सांगितलं.

"रविवारी शंका?" त्याला अभिमान वाटला. "बस मागं. पर अकराला पाव्हनं निघत्यात, त्याच्या आत माघारी यायचं."

तिने फडताळातलं दुसरं खोकं बदली म्हणून बरोबर घेतलं. महामार्गावर बजरंग मागे मान वळवून बोलत राहिला. "एकसष्ट लय झालं. बंगल्याच्या मालकांना पन सांगितलं म्या." प्रेरणाने आणखी एक श्वास रोखला. सोमाटणे येईपर्यंत सोडायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

घारे सरांच्या घरी खोकं टीपॉयवरच होतं. चिकटपट्टी निघालेली होती.

"सर, चुकून जुनी चिक्की आली. तारीख संपलेली आहे. ही घ्या, ताजी."

सरांनी चष्मा लावून खोकं फिरवून पाहिलं. "तारीख पुढच्या मार्चची आहे."

"आमच्याकडे दमट हवा आहे ना सर. लवकर खराब होते."

"मार्चच्या आधीच?"

"व्हय की," बजरंग म्हणाला. त्याला काही ठाऊक नव्हतं, पण मुलीची बाजू घ्यायची सवय होती.

सरांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खोकं पुढे केलं. "आम्ही एक वडी खाल्ली. चांगली होती. बाकीचं मोजून घे."

"आन् शंका?" बजरंगने आठवण केली.

"मिटली," प्रेरणा म्हणाली.

घरी येऊन तिने दार लावलं आणि चिठ्ठ्या मोजल्या. वीस भरल्या. पुन्हा मोजल्या. वीसच. चौथ्या चिठ्ठीवरचे एकतीस लाल शाईने खोडून तेहतीस केले होते. शेजारी बारीक अक्षरात होतं : 'चौथ्या प्रश्नाची बेरीज माझी चुकली. घरी तू सांग, मी सांगणार नाही.' विसावी चिठ्ठी अख्खी लाल होती : 'वर्गात शिक्षणाधिकारी येऊन बसले की मला नवाचा पाढा आठवत नाही. मानसी मॅडमचं श्वासाचं ते कसं करायचं?'

पाहुणे गेल्यावर बंगल्यात बजरंग चादरींच्या घड्या घालत होता. प्रेरणाने चादरीचं दुसरं टोक धरलं आणि सांगून टाकलं.

"तेहतीस," तो म्हणाला. घडी वाकडी झाली, ती त्याने पुन्हा घातली. "मंग मालकांना कोन सांगनार?"

"तुम्ही."

बजरंगने घडी कपाटात ठेवली. "एक कागुद दे मलाबी," तो म्हणाला.

सोमवारी पहिल्या तासाआधी प्रेरणाने सरांच्या हजेरीपटात एक चिठ्ठी सरकवली : चार, चार, सहा.

सर आले. मागच्या बाकावरच्या समर्थने गृहपाठ आणला नव्हता. सरांनी तोंड उघडलं, मिटलं आणि डोळे बंद केले. वर्गात इतकी शांतता पूर्वी कधी झाली नव्हती. "आज मेलो," समर्थ पुटपुटला. दोन मुलींनी घाबरून एकमेकींचे हात धरले.

प्रेरणा बाकाखाली बोटांवर मोजत होती. चार झाले. पुढचे चारही झाले. सोडताना सर तीनपर्यंत पोहोचले आणि ओरडले.

तिने हिशोब केला. चौदापैकी अकरा. पहिल्या दिवशी तिला सहाच्या पुढे जमलं नव्हतं.