दादाच्या फोनला कुकरची शिट्टी

मी ठरवलं होतं ते काही फार मोठं नव्हतं. कारभारीदादाचा फोन यापुढे चुकवायचा नाही, एवढंच. माणसं व्यसनं सोडायचं ठरवतात, कोणी पायी तीर्थयात्रा करायचं ठरवतात, त्यांचं निभावून जातं. माझ्या मात्र एवढ्याशा निश्चयानं मुलीचं लग्न मोडायची वेळ आणली.

२००६ च्या दिवाळीत ह्यांनी मला मोबाईल घेऊन दिला. त्यात आधीपासूनच एक धून होती. ती इतकी गोड होती की फोन वाजला की मी हातातलं काम थांबवून शेवटपर्यंत ऐकायची. संपली की ‘शेजारच्या चिमणाबाईंच्या टीव्हीवर आज काहीतरी छान लागलंय’ असं म्हणून पुन्हा कामाला लागायची. (पहिल्या महिन्यात मी असे एकवीस फोन ऐकले. उचलला एकही नाही.)

त्यातले बरेचसे दादाचे होते. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, पिंपळगावला असतो. आमच्या निकितासाठी त्यानं तिथलंच एक स्थळ आणलं होतं. मुलगा अमित, घरची द्राक्षबाग, शिवाय शेतीच्या औषधांचं दुकान. याआधी निकितानं तीन मुलांना बघताक्षणी नकार दिला होता. अमितला भेटून आल्यावर ती ‘बघू’ म्हणाली, आणि दोन दिवस घरात गुणगुणत फिरली. मी आई आहे. ‘बघू’चा अर्थ मला कळतो.

दादा शेवटी घरी येऊनच भांडला.

“आशे, तुझा मोबाईल काय देव्हाऱ्यात ठेवलाय का? चार दिवस झाले फोन करतोय! पाव्हणे मला म्हणतात, तुमची बहीण फोन उचलत नाय, घमेंडी दिसते.”

“अरे, मला कळतच नाही तो वाजतोय म्हणून.”

“हे बघ. मुलीला अमितनं बघितलं. आता त्याची आत्या येणार, लंकाबाई. त्याची आई लहानपणीच गेली, हिनंच वाढवला त्याला. ती हो म्हणाली तर हो. ती आता घर बघणार, आणि ती घर जिभेनं बघती. आधीची दोन स्थळं तिनं जेवून आल्यावर मोडलीत. एका घरचं वरण पचपचीत होतं म्हणून, न् दुसऱ्या घरी वरणात गूळ होता म्हणून.”

दादा गेल्यावर निकितानं मोबाईल हातात घेतला. “आई, प्रत्येकाच्या फोनला वेगळा आवाज लावता येतो. तुला घरातला कुठला आवाज हमखास ऐकू येतो, ते सांग.”

मला विचार करावा लागला नाही. कुकरची शिट्टी! मी गच्चीवर पापड वाळत घालत असले, खाली गप्पा मारत असले, तरी ती मला ऐकू येते. (उद्या मी कुठे चक्कर येऊन पडले तर कोणी कांदा हुंगवू नये, कुकर लावावा.)

“अगं, पण खरा कुकर लावलेला असेल तेव्हा?” निकिता म्हणाली.

“मला माझ्या कुकरचा आवाज ओळखू येणार नाही का? एकोणीस वर्षं वापरतेय.”

त्याच कुकरची शिट्टी आम्ही मोबाईलमध्ये भरली. ती मला ओळखू येत होती, अगदी पक्की. अडचण पुढे झाली ती तिथेच.

पहिल्यांदा भरली तेव्हा ‘अगं सरक, वाफ लागेल!’ हे माझं ओरडणंही आत गेलं. दुसऱ्यांदा मात्र शिट्टी स्वच्छ आली, आणि ती दादाच्या नावाला लागली. पुढचे आठ दिवस काय सांगू! दादानं फोन करायचा अवकाश, मी पहिल्या शिट्टीला ‘बोल दादा’ म्हणायची. दादा म्हणाला, “आता कसं माणसासारखं झालं.” माझ्या वागण्यात थोडी ऐट आली हे मी कबूल करते. मी चिमणाबाईंनाही विचारलं की त्यांच्या जावयाच्या फोनला मिक्सर लावून देऊ का.

मार्चमधल्या एका रविवारी लंकाबाई जेवायला यायच्या ठरल्या. दादानं आदल्या दिवशी बजावलं, “पिंपळगावहून निघालो की एक मिस कॉल देईन. नाशकात द्वारकेच्या चौकात पोचलो की दुसरा. नाशिक रोडला पुलाखाली आलो की तिसरा. उचलू नको, एक शिट्टी झाली की मी कट करणार. तिसरा आला की वाल्मीकरावांना कोपऱ्यावर पाठव. तुमच्या कॉलनीतल्या सगळ्या बिल्डिंगी सारख्याच, मागच्या टायमाला मी दुसऱ्याच्याच घरी पाणी पिऊन आलो.”

वाल्मीकराव म्हणजे आमचे हे.

रविवारी दहा वाजता पहिली शिट्टी झाली. कुकर तेव्हा मांडणीवर होता. “निघाले!” मी जाहीर केलं. फोन फ्रिजवर ठेवला आणि बटाटे उकडायला लावले. मग बाहेर सतरंजी नीट करत असताना स्वयंपाकघरातून शिट्टी ऐकू आली.

“अहो, द्वारका!”

ह्यांनी घड्याळ बघितलं. “वीस मिनिटांत? विमानानं येतायत का?”

“दादाची जीप जोरात चालते. आणि रविवार आहे, रस्ते मोकळे असतील.”

“द्वारका मोकळी?” हे म्हणाले. पण इतक्यात पुन्हा शिट्टी झाली, आणि मी त्यांच्या हातात रुमाल देऊन त्यांना खाली ढकललं. “आले! पुलाखाली आले! जा लवकर!”

हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. मी आत आले. बटाट्याच्या कुकरची एकही शिट्टी अजून झाली नाही याचं मला नवल वाटलं. मग तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद केला. झाकण काढलं तर आत बटाटे नव्हतेच. खीर होती. चिरायची गरज नव्हती, गाळायची होती. ‘हल्ली बटाटेच असे येतात’ असं म्हणून मी त्याला फोडणी दिली.

पाहुणे कुठल्याही क्षणी दारात येतील म्हणून घाईघाईनं कुकर धुतला, खाली डाळ, वर तांदूळ ठेवून गॅसवर चढवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. दोन पोळ्या होतायत तोच एक शिट्टी. तिसऱ्या पोळीला दुसरी. लगेच तिसरी. मी खूश! कुकरला नवी रबरी रिंग टाकल्याचा गुण. गॅस बंद केला. पाहुणे येईपर्यंत वरण-भात गरम राहावा म्हणून झाकण उघडलं नाही.

वीस मिनिटांनी बंद कुकरनं आणखी एक शिट्टी दिली. मी म्हटलं, आतली वाफ असेल.

(आता तुम्हाला कळलंच असेल. मला कळायला अजून अर्धा तास होता.)

पाहुणे आले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. हे घामानं भिजलेले. कोपऱ्यावर तासभर उभं राहून त्यांनी येणाऱ्या प्रत्येक जीपला हात जोडले होते. त्यातली एक महानगरपालिकेची कुत्री पकडायची गाडी होती. खरी जीप आली तोवर त्यांचा नमस्कारावरचा विश्वास उडाला होता. ते तोंड फिरवून उभे राहिले, आणि दादाला खाली उतरून ‘वाल्मीकराव, इकडं!’ असं ओरडावं लागलं.

लंकाबाई उंच, सडसडीत, नऊवारीतल्या. बोलणं कमी. घरात आल्या, चप्पल काढता काढता एकदा वास घेतला आणि बसल्या. निकितानं पाणी दिलं. त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली. चांगली हलवली की वाईट, ते कळलं नाही.

“द्वारकेला लय गर्दी,” दादा सांगत होता. “तिथनं मिस कॉल दिला, वाटलं गेलाच नाय. म्हणून आणखी दोन दिले. पुलाखालनं पण दिला, तरी वाल्मीकरावांचं तोंड तिकडं!”

मी स्वयंपाकघरात ताटं मांडत होते. हातातलं ताट खाली ठेवलं. द्वारकेहून तीन. पुलाखालून एक. मी कुकर उघडला.

डाळीचा दाणा न् दाणा वेगळा होता. पाण्यात, अंगाला हळद लावून, निवांत बसलेला. वरचे तांदूळ तर पुन्हा डब्यात भरून ठेवता आले असते.

निकिता आत आली, तिनं बघितलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “आई,” ती हळूच म्हणाली, “तो मला खरंच आवडलाय गं.” ‘बघू’ वगैरे काही नाही. सरळ.

त्या क्षणी मला कुकरमध्ये जाऊन बसावंसं वाटलं. (तिथे मला कोणी शिजवलंही नसतं.)

“रडू नकोस. आत्ता होतं. पंधरा मिनिटं,” म्हणून मी कुकर पुन्हा मोठ्या आचेवर चढवला. निकिता बाहेर जाऊन लंकाबाईंना द्राक्षांचं विचारत बसली. मी फोन हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिले. आता चुकायचं नाही.

शिट्टी झाली. माझा हात गॅसकडे गेला, पण हातातला फोन थरथरला. म्हणजे हा दादा! बाहेर बसलेला दादा फोन का करेल? (नंतर कळलं. जेवायला अजून किती वेळ आहे, हे पाहुण्यांसमोर विचारायचं कसं, म्हणून त्यानं मला बाहेरच्या खोलीतून मिस कॉल दिला होता.) मी गोंधळून गॅस बंद केला, मग लक्षात आलं, पुन्हा लावला. पुन्हा शिट्टी. दादाच! आता याला झापायचं म्हणून मी फोन कानाला लावला आणि दबक्या आवाजात, पण चांगली खडसावून म्हणाले, “अरे, जरा दम धर की! आतल्या आत किती उकळशील? झालं की मी वाढतेच आहे!”

उत्तर आलं नाही. कारण ती शिट्टी कुकरची होती.

मागे वळले तर दारात लंकाबाई.

त्यांनी बघितलं ते एवढंच. कुकरनं शिट्टी मारली, आणि मुलीच्या आईनं फोन उचलून त्याला दम भरला.

“कवापासून हाय हे असं?” त्यांनी मागे आलेल्या निकिताला विचारलं. आवाजात काळजी होती.

निकितानं सगळं सांगितलं. धून, दादाचे फोन, शिट्टी, द्वारका, पूल, सगळं. मध्ये मध्ये तिला हसू येत होतं आणि रडूही. लंकाबाई एकदाही हसल्या नाहीत. सगळं ऐकून त्यांनी माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला, फळीवरचा पिठाचा डबा उघडला, मोबाईल त्यात ठेवला आणि झाकण लावलं.

“सरका, ताई.”

मी सरकले. माझ्याच स्वयंपाकघरात मी फ्रिजला टेकून उभी राहिले आणि बघत राहिले. त्यांनी पदर खोचला. शिट्टी बाजूला काढून ठेवली, भात वेगळ्या पातेल्यात घेतला, डाळ चांगली शिजू दिली, मग रवीनं घोटली. “पोरी, लसूण ठेच. जिरं कुठं हाय? मिरची इतकी बारीक नको गं, लहान पोरं जेवायला हायेत का?” निकिता देत होती, त्या घेत होत्या. मध्येच दोघी काहीतरी बोलल्या आणि हसल्या. लंकाबाईंना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. फोडणीचा वास बाहेर गेला तसा दादाचा आवाज आला, “आशा, आज काहीतरी वेगळंच जमलंय!”

सव्वा वाजता पानं वाढली. हे तीनदा वरण मागून जेवले. इतक्या वर्षांत मी त्यांना तीनदा वरण मागताना बघितलं नव्हतं, आणि त्यांनी ते माझ्याकडे बघत मागायला नको होतं.

जेवण झालं. लंकाबाईंनी हात धुतले आणि भिंतीला टेकून बसल्या. घरात इतकी शांतता की पिठाच्या डब्यातून शिट्टी झाली असती तरी दचकलो असतो. निकिता दाराच्या आड होती. तिच्या ओढणीचं टोक तेवढं दिसत होतं, पिळून पिळून दोरी झालेलं.

“पोर पसंत हाय आम्हाला,” लंकाबाई म्हणाल्या.

दादा उडालाच. “आत्याबाई! पण ते स्वयंपाकाचं... तुम्ही तर वरणावरून...”

“वरणावरूनच म्हणते मी. चोवीस वर्षं हे असं जेवून पोर एवढी हसतमुख हाय. लय सोशीक पोर हाय. आमच्याकडं कुठंबी अडायची नाय.” मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, “लग्न लांबवू नका. याच मोसमात उरकू. आधीच वाळून गेलीय.”

ओढणीचं टोक दाराआड दिसेनासं झालं आणि आतून हुंदका आला की हसू, ते मला कळलं नाही. माझे डोळे भरून आले होते. मुलीचं भलं झालं म्हणून भरले होते, असं मी सगळ्यांना सांगते.

निघताना मी त्यांची ओटी भरली. त्या वाकून चप्पल घालत होत्या, तेव्हा काहीतरी आठवून थांबल्या.

“ताई, पातेल्यात वरण उरलंय. झाकून ठेवलंय. सांजच्याला तेवढं गरम करून घ्या.”

“हो, करते ना.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग ह्यांच्याकडे बघितलं.

“पाव्हणं,” त्या ह्यांना म्हणाल्या, “तुम्हीच करा.”