पट्टीवरची जागा

समतोल नावाच्या ॲप्लिकेशनला लिनक्सच्या डेस्कटॉपवर कायमची जागा द्यावी की नाही, हे ठरवायला बुधवारी जेवणाच्या सुट्टीत स्क्रीनच्या खालच्या पट्टीवरच्या रहिवाशांची सभा भरली. अशा सभेला संगणक वापरणाऱ्याला हजर राहावं लागतं, म्हणून वृंदा धारप डबा बाजूला सारून बसल्या.

त्यांना घाई होती. ऑफिसचा हा संगणक संध्याकाळी भंगारात जाणार होता आणि त्यात नानांचं बोलणं होतं. नाना म्हणजे त्यांचे वडील, महाड डेपोतले कंडक्टर. शेवटच्या वर्षात ते दुपारी फोन करून जुन्या गाड्यांच्या गोष्टी सांगत आणि वृंदाताई त्या इथेच रेकॉर्ड करून ठेवत. पेनड्राइव्हला ऑफिसात बंदी. समतोलचं कामच असं, की इथे जे असेल तेच घरच्या लॅपटॉपवर ठेवायचं. पण पट्टीवर जागा मिळाल्याशिवाय तो कामाला हात लावायला तयार नव्हता.

"इथे चारच बिऱ्हाडं मावतात," अध्यक्ष घड्याळ म्हणालं. "कोणाला तरी उठावं लागेल."

नेटवर्कने नकार दिला. ते उठलं तर फायली जाणार कशा? भाषेच्या खुणेने आपण मराठी असल्याचं सांगितलं, तेव्हा तिला पुढे कोणी काही बोललं नाही.

कोपऱ्यातला चौथा बिऱ्हाडकरू, आवाज, खाकरला. "माझं काय, ऑफिसात मी बहुतेक बंदच असतो. ताईंचं काम होतंय ना? मी जातो."

वृंदाताईंना भरून आलं. "तुमचे उपकार झाले हो," त्या म्हणाल्या.

ठराव एकमताने मंजूर झाला. आवाज गेला, त्याच्या जागी समतोल बसला आणि त्याने एकूण एक फाईल घरी पोचवली.

रात्री वृंदाताईंनी लॅपटॉप उघडला. फायली सगळ्या होत्या. आवाज नव्हता.

"तिथे जे नाही ते इथे ठेवता येत नाही, ताई," समतोल म्हणाला. "दोन्हीकडे सारखं करून दिलंय."

त्याच्या कामात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. वृंदाताई थोडा वेळ रडल्या. मग त्यांनी पहिली फाईल लावली.

नाना बोलू लागले. स्क्रीनवर त्यांच्या बोलण्याची हिरवी रेषा खाली-वर होत राहिली. पोलादपूर गेलं असावं, घाट लागला असावा. एका ठिकाणी रेषा सपाट झाली. कोणीतरी म्हातारं माणूस चढत असणार. मग लागोपाठ दोन उंच टोकं आली. फोनवर नेहमी द्यायचे तशी, ताटलीवर चमचा आपटून नानांनी गाडी सोडायची डबल बेल दिली होती.

वृंदाताईंनी खुर्ची पुढे ओढली.