संयुक्त घुबड

भावंडांना वाढदिवसाची भेट देणं सोपं असतं; ती पुढे वर्षानुवर्षं दिसती ठेवणं, हे खरं प्रशासन. टिटवीच्या आईच्या माहेरचा नियमच होता: देणारा घरी येईल तेव्हा त्याने दिलेली वस्तू बैठकीच्या खोलीत सेवेत रुजू असली पाहिजे. हा नियम कुणी केलाच नव्हता, त्यामुळे तो रद्द करण्याचा अधिकारही कुणाला नव्हता.

एकदा मामाला त्याने दिलेली फुलदाणी दिसली नाही.  तो चहा तसाच ठेवून गेला आणि आईच्या पुढच्या वाढदिवसाला फिरकलाच नाही. आईने केक कापला तो दाराकडे बघत. तेव्हापासून घरात मांडणी खातं सुरू झालं आणि ते टिटवीकडे बिनविरोध आलं, कारण माळ्यावर चढू शकणारं दुसरं कुणी नव्हतं. खातेप्रमुख झाल्यापासून टिटवी घरातल्या घरातसुद्धा दौऱ्यावर असल्यासारखी चालायची.

मामाचं दिव्यांचं दुकान. यंदा भाऊबीजेला त्याने आई आणि मावशी, दोघींना एकेक घुबड दिलं. सेलवर चालणारं, पोटावरचं बटण दाबलं की डोळे पिवळेजर्द पेटायचे. "अय्या, किती वेगळं," असं म्हणून आईने ते माळ्यावर पाठवलं. तिथून पडून ते शहीद झालं. टिटवी डगमगली नाही. तिने मावशीच्या मुलाला, ढब्बूला, फोन लावला. त्याच्या घरचं मांडणी खातं तोच बघायचा.

"दोन घरांना दोन घुबडं लागतातच कशाला?" ती म्हणाली. "मामा एका वेळी एकाच घरी असतो ना?"

"आणि ने-आण कोण करणार?"

"तू. धोरण मी ठरवलं ना."

अशा रीतीने घुबड संयुक्त झालं. टिटवीला स्वतःच्या बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं, की ती उगाचच आरशासमोर जाऊन आली.

आईच्या वाढदिवशी मामा आधी मावशीकडे गेला. तिथलं घुबड पाहून खूश झाला. तो हात धुवायला उठला तेवढ्यात ढब्बूने ते कापडी पिशवीत कोंबलं. सगळे टॅक्सीने निघाले. ढब्बूच्या हातात केकचा खोका आला, तेव्हा मामा प्रेमाने म्हणाला, "आण रे ती पिशवी इकडे." संयुक्त घुबडाचा प्रवास मामाच्या मांडीवरूनच झाला.

घरी येऊन बसल्यावरही पिशवी मांडीवरच. मामाने खोलीभर नजर फिरवली.

"घुबड कुठंय?"

"दुरुस्तीला दिलंय, दादा," आई म्हणाली.

"कुणाकडे? माझं दुकान असताना?"

आईचा चेहरा उतरला. टिटवीने ढब्बूकडे पाहिलं, ढब्बूने मामाच्या मांडीकडे. मामाने भरलेला कप खाली ठेवला. उठता उठता त्याचं कोपर पिशवीवर टेकलं आणि कापडाआडून दोन पिवळे डोळे साऱ्या कुटुंबाकडे रोखून बघू लागले.

मामाने घुबड बाहेर काढलं. उलटसुलट पाहिलं. "हे तर तिकडचं. इथे कशाला आणलंत?"

खातेप्रमुखांच्या डोक्यात धोरण नावालाही उरलं नव्हतं. तोंड मात्र आपलं आपण चालू झालं.

"आम्ही त्याला घरी एकटं ठेवत नाही, मामा."

मामाने चष्मा काढून पुसला. मग चहा संपवला, वर आणखी अर्धा कप मागितला आणि जेवूनच गेला. आईने त्या दिवशी एकदाही दाराकडे बघितलं नाही. निघताना मामा म्हणाला, "त्याला सोबत हवी. आणखी दोन पाठवतो."

पुढे मामाचा वाढदिवस आला. त्याच्या घरी पाऊल टाकताच आई थबकली. तिने दिलेलं घड्याळ समोरच भिंतीवर, मानाच्या जागी.

"बघ," ती टिटवीच्या कानात म्हणाली, "दादा खरंच वापरतो. आपल्यासारखा नाही." तिचे डोळे भरून आले होते.

टिटवीने पाहिलं. घड्याळाखाली फरशीवर भिंतीची ताजी पूड पडली होती. कोपऱ्यात मामेबहीण उभी होती, दोन्ही हात पाठीमागे. त्यातल्या हातोडीचा दांडा कोपराआडून डोकावत होता. दोघी खातेप्रमुखांनी एकमेकींना मानेनेच नमस्कार केला, आणि टिटवीने पुढे होऊन ती पूड पायाने हळूच गालिच्याखाली सारली.

तुमच्या भावाकडे तुम्ही दिलेली वस्तू नेहमी समोरच दिसते ना? बरं आहे. फक्त खाली बघू नका.